दरीवरचं बाळ

मशीनरूमची चावी सापडत नव्हती म्हणून मी तो सिनेमा पाहिला, नाहीतर माझ्या हातून तो जन्मात पाहिला गेला नसता. मी लिफ्ट तपासतो. लोक ज्या पेट्यांत उभे राहून, आरशात भांग सारखा करत निर्धास्तपणे वरखाली करत असतात, त्या पेट्यांचे दोर, ब्रेक आणि खालचे जबडे धड आहेत की नाहीत हे बघत इमारती-इमारतींतून हिंडणं हे माझं काम. त्या दुपारी एका जुन्या व्यापारी इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मी रखवालदाराची वाट बघत उभा होतो. तो चावी आणायला खाली गेला तो गेलाच. लिफ्ट दारात उभी असताना तो जिन्यानं गेला होता, त्यावरून त्या लिफ्टबद्दल त्याचं स्वतःचं मत काय आहे ते मला कळून चुकलं होतं. मी भिंतीवरच्या नोटिसा वाचल्या, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघितली, पुन्हा नोटिसा वाचल्या. व्हरांड्याच्या टोकाला एका दाराला जाड काळा पडदा लावलेला होता आणि त्यामागे ढोल वाजत होते. मधूनच कुणीतरी डरकाळी फोडत होतं. ऑफिसांच्या इमारतीत भर दुपारी डरकाळ्या कोण फोडतंय, म्हणून मी पडदा बोटभर बाजूला केला.

आत थोड्या खुर्च्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या, आणि समोर जंगल होतं. जंगल म्हणजे कापडी वेली, पुठ्ठ्याचे खडक आणि मागे रंगवलेला डोंगर, जो वारा आला की हलायचा. अधूनमधून एक खरा वाघ दिसायचा, पण त्याचं चित्रण दुसऱ्याच कुठल्या तरी गावी झालेलं असावं, कारण हीरो डावीकडे बघून दचकायचा आणि वाघ उजवीकडे कंटाळून निघून जायचा. हीरो मात्र बघण्यासारखा होता. एका खांद्यावरून ठिपक्याठिपक्यांचं कातडं, अंगाला चोपडलेलं तेल, छाती कपाटाच्या दारांसारखी, आणि इतक्या घनदाट जंगलात वाढूनही केसांचा भांग अगदी सरळ. अभिनय त्याला येत नव्हता. राग आला की तो दंड फुगवायचा, प्रेम उफाळून आलं तरी दंडच फुगवायचा. मला हसू येत होतं आणि पडदाही सोडवत नव्हता. मग तो जमिनीवर उताणा झाला, छातीवर फळी घेतली, आणि एक हत्ती अतिशय संकोचानं त्या फळीवर पाय ठेवून पलीकडे गेला. माझं हसू तिथंच थांबलं. हत्ती, फळी, छाती. हे मी कधी बघितलं नव्हतं, पण ऐकलेलं होतं. लहानपणी मामा घरी आला की जमिनीवर आडवा होऊन, पोटावर उशी ठेवून हा प्रसंग साग्रसंगीत करून दाखवायचा, आणि शेवटी धापा टाकत माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "आणि ह्या पैलवानाच्या कडेवर कोण बसलं होतं? आमचा हीरो!"

म्हणजे तो हा सिनेमा. माझा सिनेमा. मी तान्हा असताना एका सिनेमात होतो हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं, आपला रक्तगट माहीत असतो तसं. रोजच्या जगण्यात त्याचा काही उपयोग नव्हता. आई तेव्हा एका स्टुडिओत कपडे शिवायची. हीरोचं ते कातडं म्हणजे तिनंच शिवून ठिपके रंगवलेलं जाड कापड. मी अंगावर पीत होतो म्हणून ती मला कामावर घेऊन जायची. सिनेमाला बाळ हवं होतं, बाळ आयतं हाताशी होतं, झालं. एवढीच गोष्ट, आणि तीही मामाच सांगायचा. आई तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायची. सिनेमा फारसा चालला नाही, पुढे त्याच्या प्रती कुठल्याशा गोदामात जळाल्या असं कानावर आलं होतं, आणि मलाही तो बघायची कधी उबळ आली नाही. आता इतक्या वर्षांनी पडद्याची कड बोटांत धरून मी स्वतःच्या आगमनाची वाट बघत उभा होतो, आणि खोटं कशाला बोलू, जरा केसांवरून हात फिरवावासा वाटला.

बाळ आलं. कुठल्याशा राजाचं, जंगलात सापडलेलं. टकलू, गुबगुबीत, हीरोच्या पंजात पावाएवढं दिसणारं. मी त्याच्यात स्वतःला शोधत राहिलो, पण बाळं सगळी सारखीच असतात. त्याला जांभई आली तेवढी मला ओळखीची वाटली, पण जांभई कुणाचीही ओळखीचीच वाटते. मग दरोडेखोर आले, झुलता पूल पेटला, आणि हीरो बाळाला घेऊन दरीच्या त्या काठावर अडकला. ह्या काठावर हिरॉइन, आपल्याकडे पाठ करून, हात पसरून. हीरोच्या मागून भाले येत होते. त्यानं बाळाकडे पाहिलं; ह्या वेळी दंड फुगवले नाहीत. दोन्ही हातांच्या ओंजळीत त्याला घेतलं, गुडघ्यांत जरासा वाकला, आणि फेकलं. कॅमेरा त्या बाईच्या मागेच कुठंतरी होता, त्यामुळे बाळ तिच्याकडे येत होतं तसं आम्हा बघणाऱ्यांकडेही येत होतं. मध्ये कुठं तुकडा जोडलेला नव्हता. एकाच सलग दृश्यात ते त्याच्या हातांतून सुटलं, वर चढलं, दरीच्या मध्यावर आल्यावर निमिषभर वरही जाईना आणि खालीही येईना, आणि तेवढ्यात त्याच्या मुठी उघडल्या. आधी एक, मग दुसरी. मग ते उतरायला लागलं, बाईनं त्याला छातीवर झेललं आणि ती मटकन खाली बसली. खुर्च्यांवरच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात खड्डा पडला आणि दाराची चौकट धरावी लागली.

तो खड्डा मला परका नव्हता. लिफ्ट खाली निघते तेव्हा पहिल्या क्षणी सगळ्यांच्याच पोटात काहीतरी हलतं. लोकांना ते आवडत नाही, ते आकड्यांकडे बघत गिळून टाकतात. मला मात्र त्या क्षणी छातीत हसू फुटतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लिफ्ट तपासणाऱ्यानं पडण्यातली गंमत बोलून दाखवणं बरं दिसत नाही. हे हसू माझ्यात आलं कुठून, ह्याचं मला कुतूहल वाटत आलेलं आहे, कारण माझ्या अंगात बाकी कसलंच धाडस नाही. मी शिडीवर चढतानाही दोनदा शिडी हलवून बघतो.

खेळ संपला, दिवे लागले. ही एका जुन्या सिनेमांच्या मंडळाची खोली होती, आणि मंडळाच्या सेक्रेटरी म्हणजे एक पिकल्या केसांच्या उत्साही बाई होत्या. गळ्यात दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा. मी कोण, पडद्याआडून का बघत होतो, हे त्यांनी काहीच विचारलं नाही. प्रेक्षक मिळाला ह्यातच त्या खूश होत्या. "कुणाच्या तरी माळ्यावर सापडली हो ही कॉपी," त्या म्हणाल्या. "धुऊनपुसून घेतली. आता कसं लख्ख दिसतंय!" मी त्यांना ते दरीचं दृश्य पुन्हा दाखवता येईल का विचारलं. त्यांनी दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा दाखवलं, आणि मग लांबचा चष्मा काढून जवळचा लावून माझ्याकडे बघितलं.

"बाहुली आहे ती," त्या म्हणाल्या. "रबराची. तेव्हा सगळं असंच करायचे."

"मुठी उघडतात तिच्या."

"स्प्रिंग बसवलेली असेल."

स्प्रिंगमध्ये मला थोडंफार कळतं. स्प्रिंग सुटली की झटका देते. ती आधी एक मूठ, मग विचार करून दुसरी, असं करत नाही. आणि रबराच्या मुठी उघडायची खटपट करणाऱ्यानं वाघ तरी योग्य दिशेला चालवला असता. हे सगळं मी बाईंना सांगितलं नाही. फक्त एवढंच बोलून गेलो की मीसुद्धा ह्या सिनेमात होतो म्हणे, लहानपणी. झालं! बाईंनी दोन्ही चष्मे एकदम काढले. "अहो, मग तुमचं भाषणच ठेवू की! येताय का पुढच्या शनिवारी? चहा देऊ आपण." मी म्हटलं, त्या वेळचं मला काही आठवत नाही. त्या म्हणाल्या, बहुतेक पाहुण्यांना आठवत नसतं, म्हणून कुणी बोलायचं थांबत नाही. एवढ्यात रखवालदार चावी घेऊन धापा टाकत वर आला, आणि मी सुटलो.

लिफ्टचे जबडे गंजलेले होते. लिफ्टच्या तळाशी लोखंडी जबडे असतात; दोर तुटला, वेग वाढला की ते दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात आणि पेटी जागच्या जागी थांबते. ते पकडतात की नाही हे बघायचं तर पेटीत वजनं भरून तिला मुद्दाम सोडून द्यावं लागतं. मी नेहमी बाहेर उभा असतो. पेटी सुटते, पकडली जाते, किंकाळीसारखा एक आवाज होतो, आणि मी हिरवं किंवा लाल लेबल लावून निघतो. त्या दिवशी लाल लावलं. पण आवाज झाला तेव्हा माझ्या मनात पेटी नव्हती, त्या पाठमोऱ्या बाईचं मटकन बसणं होतं. ते सिनेमातलं बसणं वाटत नव्हतं. इतर वेळी ती हिरॉइन चक्कर येऊन पडतानासुद्धा एक हात कपाळावर ठेवून, केस सांभाळून पडत होती. हे बसणं पाय गेल्यासारखं होतं. फेकलं ती बाहुली असेल तर बाहुली झेलून कुणाचे पाय कशाला जातील? आणि बाहुली नसेल तर ते बाळ मी होतो, कारण त्या सिनेमात दुसरं बाळ नव्हतं, आणि मला त्या स्टुडिओत आणणारी, तिथं सांभाळणारी, जिच्या परवानगीशिवाय कुणी मला हात लावू शकणार नाही अशी एकच बाई होती.

आईबद्दल कसं सांगू? तिनं मला धरून ठेवलं. हे मी उगाच म्हणत नाही, ती खरोखर धरायची. बागेत झोपाळा असला तर मी त्यावर बसायचो आणि ती साखळी मुठीत धरून उभी राहायची, म्हणजे झोपाळा हलायचाच नाही. इतर मुलं माझ्याकडे बघून हसायची. मी हलत नसलेल्या झोपाळ्यावर बसून त्यांच्याकडे बघायचो. घसरगुंडीवरून ती मला पायरी-पायरीनं उतरवायची, उताराला पायऱ्या नसताना. सायकल आलीच नाही. शाळेची सहल डोंगरावर निघाली की मला हमखास ताप यायचा, आणि तो मला आलाय हे मला तिच्याकडून कळायचं. जिन्यात शर्टाची कॉलर तिच्या मुठीत. टेबलावर चढलो म्हणून एकदाच तिनं मला मारलं, आणि मग स्वतःच थरथरत बसली. बाबा म्हणायचे, "अगं, पडेल, उठेल. पोरं पडतातच." त्यावर ती नुसती बाबांकडे बघायची. बाबांना गप्प करायला तेवढं पुरायचं. मोठा झालो, नोकरी लागली, घर घ्यायचं ठरलं तेव्हा तळमजलाच हवा हा तिचा हट्ट. बायको पहिल्या वर्षी वैतागली, मग हसायला लागली. "तुम्हाला सासूबाईंनी जन्म दिला, पण खाली ठेवायचं राहूनच गेलं," असं ती चारचौघांत म्हणते. मीही हसतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझ्यासाठी एक माणूस सदोदित घाबरलेलं आहे ह्याची ऊब असते, आणि त्या उबेवरच मी वाढलोय. लोकांना पडू न देण्याचं काम मी निवडलं तेही, मला वाटतं, तिच्याकडूनच आलं. म्हणून घरी जाताना एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. जिनं मला जन्मभर धरून ठेवलं, तिनं मला एकदा सोडलं होतं का? सोडलं असेल तर माझ्या खालची जमीन कुठली, हे मला नव्यानं बघावं लागणार होतं. आणि गंमत अशी की मला त्याची भीती वाटण्याऐवजी हावरी उत्सुकता वाटत होती. खरं म्हणजे उत्तर 'हो' यावं असं वाटत होतं, आणि असं वाटल्याबद्दल मला माझीच लाज वाटत होती.

दार बायकोनं उघडलं. "काय हो, चेहरा का असा? अडकलात की काय लिफ्टमध्ये?"

"सिनेमा बघून आलो."

"ऑफिसच्या वेळात?" तिनं डोळे मोठे केले. "मग अडकायलाच हवं होतं." ती भाजी आणायला निघालीच होती. पिशवी घेऊन गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. नजर अधू झाली तरी बटणं ती कुणाला लावू देत नाही. बोटांनी भोकं शोधते आणि सुई बरोबर जाते. मी समोर पलंगावर बसलो. उन्हाची तिरीप तिच्या गुडघ्यांवर होती, दोरा ओढला की चमकायचा. तिच्या हातांकडे मी असं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं. मोठे हात आहेत तिचे, शरीराच्या मानानं खूप मोठे, आणि आता हाडं वर आल्यामुळे आणखीच मोठे दिसतात. कुठून सुरुवात करावी हे सुचेना, म्हणून सरळच बोललो.

"आई, तुझ्या पैलवानांचा सिनेमा बघितला आज. कुणाला तरी सापडलाय."

"जळला ना तो?"

"एक कॉपी राहिली होती. हत्ती बघितला. तू रंगवलेले ठिपके बघितले. आणि दरी बघितली."

"बाहुली होती ती," आई म्हणाली. मी काहीच विचारलेलं नव्हतं. तिनं मानही वर केली नाही. "मीच शिवलेली. कापूस भरून. तुझ्याच अंगड्याच्या कापडाचं अंगडं घातलं होतं तिला."

"तिच्या मुठी उघडतात," मी म्हटलं. "मध्यावर आल्यावर. आधी एक, मग दुसरी."

सुई थांबली. "दिसतं ते?"

"लख्ख दिसतं."

"तेव्हा नव्हतं दिसत," ती म्हणाली. "तेव्हा सगळं धुरकट होतं. ह्यांनाही नीट दिसलं नव्हतं. पहिल्याच दिवशी गेले होते बघायला, मला न सांगता. घरी आले आणि म्हणाले, ती बाहुलीच होती ना? मी म्हटलं, हो. जेवले, झोपले. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यांना पटलं नव्हतं, हे मला माहीत होतं." तिनं शर्ट मांडीवर पसरला आणि तो हातानं सारखा करायला लागली. "तू पण विचारायला नको होतंस. इतकी वर्षं निभावलं."

रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. मग ती बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर तिचा आवाज मला वाटला त्यापेक्षा कितीतरी तरुण होता.

"बाहुली होतीच. ते काही खोटं नाही. सबंध सकाळ बाहुलीच फेकत होते. पण पैलवानांना ती फेकता येईना."

"एवढ्या माणसाला?"

"एवढा माणूस म्हणूनच! त्यांच्या हातांना सवय जडाची. कापसाची बाहुली घेतली की हात आपोआप जास्त जोर करायचे, आणि ती जायची माझ्या डोक्यावरून मागच्या झुडपांत. मग तिच्यात वाळू भरली. तर ती यायची दगडासारखी, डोकं खाली करून. डायरेक्टर ओरडायला लागले, हे मेलेलं बाळ वाटतंय म्हणून. ऊन उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी हत्तीवाला निघून जाणार होता, सगळ्यांची घाई."

"तुझ्या डोक्यावरून कशी?" मी विचारलं. "तू कुठं होतीस?"

मी सिनेमा बघून आलो की झोपा काढून, असा प्रश्न पडल्यासारखं आईनं माझ्याकडे बघितलं. "पलीकडे मीच होते. त्या बाई नाही म्हणाल्या झेलायला. बाहुली झेलतानासुद्धा नखं मोडतात म्हणाल्या. मग मी त्यांचे कपडे घातले. शिवले मीच होते, थोडे ढगळ झाले इतकंच. पाठमोरंच तर उभं राहायचं होतं."

मी त्या बाईला तीनदा बघितलं होतं. तिचं बसणं डोक्यात घेऊन दुपारभर हिंडलो होतो. आपल्या आईची पाठ आपल्याला ओळखू येऊ नये? पण मी तिला कायम समोरून किंवा वरून बघत आलो होतो. ती माझ्याकडे पाठ करून कधी उभीच राहिलेली नव्हती.

"पैलवान माझ्याकडे आले," आई म्हणाली. "म्हणाले, ताई, ह्या बाहुलीचं वजन माझ्या हाताला समजत नाही. बाळाचं समजतं. आणि खरंच समजायचं रे त्यांना. काम थांबलं की तू त्यांच्याकडेच असायचास. उडवायचे, झेलायचे, पुन्हा उडवायचे. तू पिऊन आलास की हातात घेतल्या घेतल्या म्हणायचे, आज पोट भरलंय स्वारीचं. उपाशी असलास तरी कळायचं. मला आई असून कळत नसे इतकं कळायचं."

"आणि तू दिलंस."

"दिलं." तिनं हे अजिबात आढेवेढे न घेता सांगितलं. "मला विचारणारं तिथं दुसरं कोण होतं? मी विचार केला, ते फेकणार, मी झेलणार. मधे तिसरं कुणी नाही."

"किती लांब होतं?"

"फार नाही. ह्या खुर्चीपासून त्या कपाटापर्यंत. खाली गवत टाकलं होतं. सिनेमात ती दरी नंतर रंगवली."

मी कपाटाकडे बघितलं. खोली आमची मोठी आहे. कपाट चांगलंच लांब होतं.

"पहिल्यांदा मी डोळे मिटून घेतले," आई सांगत होती. "तू आलास, हातांना लागलास, धरलं. काही समजलंच नाही. डोळे उघडले तर तू माझ्याकडे. सगळे टाळ्या वाजवताहेत, कॅमेरावाले म्हणाले, उत्तम झालं, आवरा. हत्तीवाल्यानं दोर सोडायला घेतला. आणि मी म्हटलं, अजून एकदा."

"अजून एकदा? का?"

"मी बघितलं नव्हतं ना," आई म्हणाली.

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. मला वाटत होतं की राग येईल. रागासाठी मी मनात जागा करून ठेवली होती. आला नाही. उलट, माझ्या छातीत लिफ्टमधलं ते हसू फुटतंय की काय असं झालं, आणि मी ओठ दाबून ऐकत राहिलो. समोरची बाई मला एकदम अनोळखी वाटायला लागली, आणि तिची ओळख करून घ्यायची घाई झाली. ही तेव्हा केवढी असेल? माझ्या मुलीपेक्षाही लहान. दुसरीच्या ढगळ कपड्यांत, हात पसरून, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बघायला मिळावं म्हणून हट्टाला पेटलेली.

"सिनेमात आहे तो दुसरा," ती म्हणाली. "त्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. पैलवानांनी सोडलं तुला, आणि तू माझ्याकडे यायला लागलास. मधे काही नव्हतं, कुणी धरलेलं नव्हतं. डोळे मोठ्ठे करून माझ्याकडेच बघत होतास. मग मुठी उघडल्यास. असं माझ्याकडे कुणी आलं नाही रे कधी. हे नाहीत, कुणी नाही. तूसुद्धा नंतर आला नाहीस. चालायला लागलास तेव्हा भिंतीला धरून आलास."

तिचे ते मोठे हात शर्टावर उघडे पडले होते. बटण अर्धवट लागलेलं, सुई लोंबकळत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. ती भिंतीच्या दिशेला बघत होती, आणि तिला भिंत दिसत नव्हती हे मला दिसत होतं. मला त्या बाळाचा हेवा वाटला, आणि तिची फार कीव आली, आणि तिचा अभिमानही वाटला. तिन्ही एकदमच वाटलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी पुन्हा घेऊन गेले तुला, पैलवानांच्या हातांत द्यायला. तिसऱ्यांदा. आता कॅमेराही बंद केला होता. कुणाला नको होतं, मलाच हवं होतं. तर ते दगडावर बसले होते. दोन्ही हात काखेत घालून. एवढा दांडगा माणूस, घामानं निथळत होता. म्हणाले, ताई, आता नाही. हात कापताहेत माझे. मी म्हटलं, एकदाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते मला घाबरले. मला, हं! पटकन उठून निघून गेले." ती थांबली. "घरी येताना, गाडीत, मला कळलं मी काय मागत होते ते. तेव्हापासून धरलं तुला. तू पडशील ही भीती नव्हती. पोरं पडतातच, ह्यांचं बरोबरच होतं. मी पुन्हा सोडेन, ही होती. झोपाळ्यावर बसलास ना, की माझे हात शिवशिवायचे. ढकलावंसं वाटायचं, जोरात. म्हणून साखळी धरून उभी राहायचे."

माझ्या सगळ्या लहानपणाची तिनं चार वाक्यांत उलटापालट केली होती आणि आता ती लोंबकळणारी सुई चाचपडत शोधत होती. मी ती उचलून तिच्या हातात दिली. तिची बोटं थंड होती. खूप विचारायचं होतं; त्या पैलवानांचं पुढं काय झालं, ते पुन्हा कधी भेटले का, मामाला हे माहीत होतं का. पण त्यातलं काहीच मला खरं जाणून घ्यायचं नव्हतं. जे जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते सांगणारं जगात आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नव्हतं.

"आणि मी?" मी विचारलं. "मी रडलो असेन की."

"रडलास तर!" आई म्हणाली. "केवढा रडलास. पैलवान नाही म्हणाले तेव्हा."